सावलीत बुडालेले शेपूट



माझे नाव दिसले की पुढे हुमणी, पाचट नाहीतर माती परीक्षण येणार, हे तुम्ही आता धरूनच चालत असाल. आज विषय जरा वेगळा आहे. रानातल्या जनावरांचे फोटो, आणि त्या फोटोंमधला काळा रंग. हसू नका. हा विषय तुमच्या घरात केव्हाच शिरला आहे. मुलाच्या, सुनेच्या, मळ्यातल्या गड्याच्या हातात मोबाइल आहे. संध्याकाळी बांधावर काही हलले की त्याचा फोटो निघतो, बोटाने दोन-तीन पट्ट्या इकडेतिकडे सरकवल्या की तो अधिक गडद, अधिक देखणा किंवा अधिक भीतिदायक होतो, आणि रात्रीची भाकरी थापून होईपर्यंत तो दहा गावांत पोचलेला असतो. अशी एक पट्टी मी स्वतः सरकवली होती. तिच्यापायी एका गावाने तीन रात्री दारे धरली नाहीत. आणखीही एक गोष्ट झाली, ती ओघात येईल.

आधी थोडे मागचे सांगतो.

१९९० च्या सुमारास मी कृषी महाविद्यालयात होतो. वसतिगृहातल्या मित्राचा कॅमेरा उसना घ्यायचा, त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल भरायचा आणि सुट्टीत घरी आलो की दिसेल त्याचा फोटो काढायचा, असा नाद लागला. रोल धुवायला तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत जात असे. स्टुडिओवाल्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी मला अंधाऱ्या खोलीत येऊ दिले, हे त्यांचे उपकार. तांबडा दिवा, तीन पसरट थाळ्या, नाकात झोंबणारा वास. कोरा कागद पहिल्या थाळीत बुडवला की सगळ्यात आधी काळे उमटते. मग करडे येते, आणि उजळ भागातले बारकावे सगळ्यात शेवटी.

मी आमच्या म्हशीचा फोटो काढून नेला होता. कागदावर म्हैस उमटली खरी, पण ती म्हैस नव्हती, म्हशीच्या आकाराचे भोक होते. डोळा नाही, कानाची कड नाही, पाठीवरचे राठ केस नाहीत. मामांनी तो कागद बाजूला टाकला. नव्या कागदावर उजेड सोडताना त्यांनी तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा म्हशीच्या तोंडावर हलवत धरला, म्हणजे तेवढ्या भागावर उजेड कमी पडावा आणि तिथले काळे जरा हलके यावे. या वेळी डोळा आला. मामा म्हणाले, “काळं काळंच ठेव बाबा, पण आत डोळा दिसला पाहिजे.”

पुढे पुस्तकात वाचले की अमेरिकेतल्या ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास याचीच रीत बसवली होती. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत त्यांनी अकरा पायऱ्या पाडल्या. शून्य म्हणजे काही न दिसणारे काळे, आणि तिसरी पायरी म्हणजे काळसर, पण ज्यात पोत दिसतो असे. म्हशीचे अंग तिसऱ्या पायरीवर हवे होते, माझ्या हातून ते शून्यावर गेले होते.

आपल्याला हे समजायला पुस्तक लागू नये. तुमच्या-माझ्या शेतात काळी जमीन आहे. तिला आपण काळी म्हणतो, पण वाफसा आलेली काळी वेगळी, पाऊस पडून चिखल झालेली वेगळी, उन्हाळ्यात भेगा पडलेली राखट काळी वेगळी. नांगराच्या तासात वर आलेले ढेकूळ आणि त्याच्या बाजूला पडलेली त्याची सावली, दोन्ही काळीच. तुम्हाला ती लांबून ओळखू येतात. कॅमेऱ्याला येत नाहीत. आपल्या डोळ्याला एकाच वेळी उन्हातले आणि सावलीतले जेवढे दिसते, तेवढे त्याला धरता येत नाही.

शिवाय त्याला एक खोड आहे. समोरचे सगळे मिळून मध्यम करडेच असणार असे तो गृहीत धरतो. म्हशीने चौकट भरली तर त्याला वाटते उजेड फार कमी आहे, आणि तो म्हशीला राखाडी करून ठेवतो. काळा कोतवाल पांढऱ्या आभाळापुढे बसला तर उलट होते. आभाळ फार उजळ आहे म्हणून कॅमेरा उजेड तोडतो आणि कोतवालाचा कोळसा होतो. ही खोड माहीत असली की काढतानाच एखादी पायरी कमी-जास्त करता येते. म्हशीला थोडा उजेड कमी द्यायचा, आभाळापुढच्या पक्ष्याला थोडा जास्त.

कोतवालाचे नाव निघालेच आहे तर सांगतो. हरभऱ्यात हेक्टरी ५० तरी पक्षीथांबे लावा, कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटेअळी वेचतात, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. लोक माना डोलवत. म्हणून एकदा फोटो काढून नेला. थांब्यावर कोतवाल, मागे सकाळचे आभाळ. सभेत तो पडद्यावर लावला तर मागून एक जण म्हणाला, “साहेब, ह्यो कावळा दिसतोय.” दुभंगलेली शेपटी दाखवली तेव्हा कोतवाल मान्य झाला, पण अळी कुठे आहे? अळी होती, त्याच्या चोचीत होती. फोटोत चोच, छाती आणि अळी यांचा एकच काळा गोळा झाला होता. घरी येऊन संगणकावर सावल्यांची पट्टी थोडी वर केली, आणि चोचीच्या फटीत हिरवट अळी लोंबताना दिसली. पुढच्या सभेत तो फोटो लावला तेव्हा मला फार बोलावे लागले नाही. त्या वर्षी त्या गावात थांबे लागले.

या पट्ट्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. मोबाइलवर असो वा संगणकावर, काळ्या भागासाठी बहुधा दोन पट्ट्या असतात. एक ‘शॅडोज’, म्हणजे सावल्या. ती सरकवली की काळसर भाग, ज्यात अजून काही शिल्लक आहे, तो उजळतो किंवा गडद होतो. दुसरी ‘ब्लॅक्स’. ही तळ ठरवते, म्हणजे कुठपासून खाली सगळे ठार काळे समजायचे ते. ही खाली ओढली की फोटोला एकदम धार येते. सगळे कसे झणझणीत दिसते. पण त्या तळाखाली जे गेले ते त्या फोटोत संपले. जतन करून पाठवलेला तसला फोटो कुणी नंतर कितीही उजळला तरी त्यातून राखेपलीकडे काही निघत नाही.

दुसरी गोष्ट फाइलची. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ छटा असतात. चांगल्या कॅमेऱ्यात ‘रॉ’ म्हणजे कच्ची फाइल ठेवायची सोय असते, तिच्यात याच छटा ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. मळणी करून, पाखडून, पोत्यात भरलेले धान्य आणि खळ्यावर पडलेली कणसे यांत जो फरक, तोच यांत आहे. मात्र कच्च्या फाइलीतही वाटणी सारखी नसते. सगळ्यात उजळ पायरीलाच निम्म्या छटा जातात, पुढच्या पायरीला उरलेल्यातल्या निम्म्या, असे करत करत अगदी काळ्याच्या वाट्याला मूठभर छटा येतात. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी येते तसे. म्हणून काळे फार उपसले की रंग फुटतात, खसखस पेरल्यासारखे तांबडे-हिरवे दाणे दिसू लागतात, जनावराच्या कडेभोवती उजळ रेघ उमटते. आणि त्यावर आणखी धार दिली तर ते दाणे एकमेकांना चिकटून ठिपके वाटू लागतात.

हे सगळे मला माहीत होते, आणि तरीही पुढचे घडले.

हा नाद वाढत गेला तसा मी चांगला कॅमेरा घेतला. घरच्या मंडळींच्या हिशेबाने एका दुभत्या म्हशीच्या किमतीचा. गाडीच्या डिकीत तो कायम असे. पक्षी-प्राण्यांची आवड असलेल्या दहा-बारा जणांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यात फोटो टाकत असे. गडद फोटोला वाहवा जास्त मिळते हे हळूहळू लक्षात आले. मागचे सगळे काळे, त्यातून जनावराचे तोंड तेवढे उजळून आलेले, असे फोटो लोकांना आवडतात. मलाही आवडू लागले. पाठीमागचा विजेचा खांब, प्लॅस्टिकची पिशवी, कुणाची मोटरसायकल, सगळे काळ्यात ढकलायचे. खरे तर तो आळशीपणाच होता. चार पावले बाजूला सरकून फोटो काढला असता तर खांब मुळात आलाच नसता.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. उत्तर पुणे जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात एका गावी ठिबकची पाहणी करून परत निघालो होतो. सूर्य बुडाला होता. एका फडाची तोडणी सुरू होती, टोळी खोपीवर परतली होती आणि एकरभर ऊस उभा होता. त्याच्या काठाला बांधावर रानमांजराची मादी निघाली. काही जण तिला बाऊल म्हणतात. मागोमाग एक पिल्लू धडपडत आले. मी गाडीतूनच कॅमेरा लावला. उजेड इतका कमी होता की कॅमेऱ्याची संवेदकता ६,४०० पर्यंत चढवावी लागली. सात-आठ फोटो निघाले. मग ती मागे फिरली आणि उसात गेली.

रात्री संगणकावर पाहिले. मादी आडवी उभी, मान आमच्याकडे वळलेली, कानांच्या कडेला मावळतीचा उजेड. सुरेख. पण खालचा भाग नको तसा होता. पायाशी पीव्हीसीचा पाइप आडवा पडलेला, खताची फाटकी गोणी, पाचट. आणि शेपूट नेमके त्या पाचटावर टेकलेले. मी खालचा तिसरा हिस्सा निवडला आणि काळ्याचा तळ खाली ओढला. पाइप गेला, गोणी गेली, पाचट गेले, आणि त्यांच्याबरोबर शेपूटही गेले. मग उठाव देणारी पट्टी चढवली. पिल्लाच्या कुशीवर अंधूक पट्टे होते, त्यात ते दाणे मिसळले आणि झाले ठिपके. फोटो असा भारदस्त दिसू लागला की मी स्वतःवरच खूश झालो. ‘मायलेकरे’ एवढाच शब्द खाली लिहिला आणि गटावर टाकला. जनावराचे नाव लिहायचे राहिले. गटातले सगळे जाणकार, नाव कशाला लिहायचे असे वाटले असावे.

रानमांजर ओळखायच्या खुणा तुम्हाला सांगून ठेवतो. अंग एकरंगी, वाळल्या पाचटासारखे. पाय लांब, त्यांवर अंधूक पट्टे. कानाच्या टोकाला काळ्या केसांचा छोटा झुपका. आणि शेपूट आखूड, टोकाकडे काळी वलये, टोक काळे. बिबट्याचे शेपूट लांबलचक, अंगावर ठिपक्यांची फुले, पिल्लालाही ठिपके दाट. म्हणजे जी खूण सगळ्यांत पक्की, तीच मी बुडवली होती, आणि जी नव्हती ती उगवली होती. उंची कळावी असे शेजारी काही ठेवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी दुसऱ्या जिल्ह्यात प्रशिक्षणाला निघालो. दुपारी माझाच फोटो माझ्या मोबाइलवर परत आला. खाली लिहिले होते, ‘बिबट्याची मादी पिल्लासह’, पुढे गावाचे नाव आणि सावध राहण्याचा इशारा. तो कोणी पुढे पाठवला, कोणी ते शब्द जोडले, याचा शोध मी घेतला नाही. मी ज्याच्याकडून आला त्याला ‘हे रानमांजर आहे’ असे लिहून पाठवले आणि वर्गात जाऊन बसलो. पोलीस पाटलांचा नंबर माझ्याकडे होता. सरपंचांचा होता. त्यांना त्याच वेळी फोन करायला हवा होता. होईल शांत, असे मनाशी म्हटले. कदाचित आपला फोटो, आपली चूक, हे उघड व्हायला नको असेही वाटले असेल.

गावाला हसू नका. आमच्या पट्ट्यात बिबट्या ही नुसती आवई नसते. उसात त्याची वीण होते, तोडणीत पिल्ले सापडतात, माणसे दगावलेली आहेत. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उगाच उभे राहिलेले नाही. तेव्हा फोटो पाहिल्यावर टोळीने फडात जायचे नाकारले यात चूक त्यांची नव्हती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. कांदा पोसायला लागला होता, आणि पाण्याला कोणी बाहेर पडेना. काही जणांनी उभा ऊस पेटवून द्यायचा विचार बोलून दाखवला. पाचट जाळू नका म्हणून ज्या गावात मी पाच वर्षे घसा कोरडा केला, त्या गावात.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी परत आलो तेव्हा पोलीस पाटलांचाच फोन आला. आदल्या दिवशी फडाच्या काठाला पोरांना एक पिल्लू सापडले होते. बिबट्याचे म्हणून त्यांनी ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून घरी नेले, गाईचे दूध पाजायचा प्रयत्न केला, फोटो काढले. सकाळपर्यंत ते मेले. पोरांनी घाबरून ते लिंबाखाली पुरले होते. आता गावात सगळ्यांची खात्री झाली होती की मादी पिल्लाच्या वासावर घरात शिरणार. दारे सात वाजता बंद होत होती.

त्या रात्री गावाने तिसऱ्यांदा पाणी सोडले नाही. मला झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वनरक्षकांना बरोबर घेऊन गेलो. संगणक घेतला होता. देवळापुढे पारावर माणसे जमली होती, पण उन्हात पडद्यावर काळे काही दिसेना. फोटोतले काळे पाहायचे तर सावलीत पाहावे लागते. मोबाइलवर उन्हात पाहून फोटो गडद-उजळ करू नये ते यासाठीच. सगळे दूध संकलन केंद्राच्या खोलीत शिरलो. मी आधी सगळ्यांना सांगून टाकले की फोटो मी काढला आहे, गडदही मीच केला आहे, आणि ते रानमांजर आहे. कुणी काही बोलले नाही. मग मी मूळ फाइल उघडली आणि सावल्यांची पट्टी वर करू लागलो.

मागच्या बाजूला एक काकी उभ्या होत्या. काका गेल्यापासून दीड एकर कांदा त्या आणि त्यांची मुलगी दोघीच पाहतात, रात्रीची दारेही त्याच धरतात. त्या म्हणाल्या, “सायेब, एक इचारू का? तवा तुम्हीच काळं केलं, आता तुम्हीच उजाळ करताय. उद्या आनिक काही कराल. आमी खरं कशाला मानायचं?”

मला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे लोकांनी माझ्या शब्दावर बियाणे बदलले, औषधे बदलली, आणि हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी पट्टी पूर्ववत केली, कॅमेऱ्यातून आलेला फोटो जसाच्या तसा पडद्यावर ठेवला आणि संगणक पुढे बसलेल्या तात्यांकडे सरकवला. म्हटले, “तात्या, तुम्हीच सरकवा. हळूहळू.”

तात्यांनी बोटाला घाम पुसला आणि पट्टी सरकवली. आधी पाचट दिसले. मग गोणी. मग मादीच्या पायाशी आडवी पांढुरकी रेघ. तात्या थबकले. “हा माझा पाइप. अडीच इंची. हा जोड बघा, सायकलची ट्यूब मीच गुंडाळलीय.” खरोखरच पाइपाच्या जोडावर रबराची काळी पट्टी गुंडाळलेली दिसत होती. पुढे तात्यांनी जे केले ते मला सुचले नसते. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात पडद्यावरच्या पाइपाची जाडी धरली आणि तेच माप मादीच्या पायापासून वर खांद्यापर्यंत टाकत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पाइपाला खांदा लागला. वनरक्षक म्हणाले, “बिबट्याची मादी असती तर आठ-नऊ पाइप लागले असते.” तोवर शेपूटही वर आले होते. आखूड, वलयांचे, काळ्या टोकाचे.

काकी पुढे आल्या, वाकून पाहिले. “मांजरच हाय,” म्हणाल्या.

खोलीत जरा सैल वाटू लागले होते, तेवढ्यात दारातला एक मुलगा म्हणाला, “मग ते पिल्लू?” कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. वनरक्षकांनी जागा दाखवायला सांगितली. रानमांजरालाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, पुढचे त्यांच्या खात्याच्या रीतीप्रमाणे झाले. फडाच्या काठाला मातीत उमटलेले माग आम्ही पाहिले, तेही मांजराचेच होते. मुकादमाने टोळीशी बोलून काठाच्या सहा सऱ्या दोन रात्री तोडायच्या ठेवल्या. तिसऱ्या सकाळी मुकादमाची बायको मला म्हणाली, “पहाटं आली होती. एक पिल्लू मानंला धरून नेलं. मग दोनदा माघारी आली, उसात शिरली, वास घेत फिरली, आन् गेली.”

रानमांजराचे मुख्य खाणे उंदीर. उसात, गव्हात, कांद्याच्या चाळीजवळ तुमचे किती नुकसान उंदीर करतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून माझी काम करायची पद्धत बदलली. जनावराच्या अंगाचा कोणताही भाग, शेपूट, पंजा, कान, ठार काळ्यात जाऊ देत नाही. संगणकावर जिथे काळे तळाला लागते तिथे निळी खूण दाखवायची सोय असते, ती चालू ठेवतो. दगडाखालची फट, दाट झाडीचा गाभा, रात्रीचे आभाळ, असल्या ठिकाणी निळे आले तर येऊ देतो, कारण काहीतरी काळे असल्याशिवाय फोटोला जीव येत नाही. सगळेच उजळले तर फोटो पाणी घातलेल्या ताकासारखा होतो, आणि संध्याकाळ संध्याकाळ वाटत नाही. ताडोबात २०१८ मध्ये काळा बिबट्या दिसला होता. तसल्या जनावराच्या काळ्या अंगावरही तिरप्या उजेडात ठिपक्यांची फुले दिसतात. सावल्या थोड्या उचलल्या तर ती राहतात, तळ ओढला तर नुसती काळी आकृती उरते, आणि फार उपसले तर बिबट्या राखाडी होतो. तिन्ही फोटो एकाच फाइलीतून निघतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत गडद-उजळ करायला मुभा आहे, पण पाहणाऱ्याची फसवणूक होता कामा नये, आणि शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागतात. आपल्या गावच्या व्हॉट्सॲपवर कोणी मूळ फाइल मागत नाही. तुम्ही मात्र मागा. ‘बिबट्या’ म्हणून फोटो आला तर पुढे पाठवण्याआधी विचारा, कोणी काढला, कधी, कुठे. मूळ फोटो मागवा. गटावर फिरून आलेला नको, कारण फिरताना तो दाबून लहान केला जातो आणि काळ्यातले बारकावे आधी जातात. तो घरात, सावलीत बसून पाहा, सावल्यांची पट्टी वर करून पाहा, आणि शेजारी माप घेता येईल असे काही आहे का ते शोधा. उसाची कांडी, पाइप, खांब, विटा. आता नसलेले ठिपकेही यंत्र रंगवून देते, तेव्हा फोटोवर न थांबता माग पाहायला वनरक्षकांना बोलवा. आणि खरोखर बिबट्या असेल तर रात्री एकट्याने दारे धरायला जाऊ नका, हे वेगळे सांगत नाही.

काकींनी त्याच रात्री कांद्याला पाणी दिले. नंतर त्यांच्या शेतावर गेलो होतो. करप्यासाठी काय फवारायचे ते त्यांनी विचारले, मी सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले आणि म्हणाल्या, “दुकानदारालाबी इचारते.” मी म्हटले, जरूर विचारा.

तो फोटो मी नव्याने छापून घेतला. पाइप, गोणी, पाचट, सगळे ठेवून. खाली लिहिले आहे, ‘रानमांजर, मादी व पिल्लू, फेब्रुवारी २०२३.’ कचेरीत माझ्या टेबलामागच्या भिंतीवर तो लावलेला आहे. तसा काही फार सुंदर नाही, गोणी डोळ्यांत खुपते. पण कामाला आलेली त्या गावची माणसे साहेब येईपर्यंत त्याच्यापुढे उभी राहतात, आणि त्यांतले कोणी ना कोणी अंगठा आणि तर्जनी पाइपावर ठेवून वर मोजत जाते.